बाण कोणाचा, बाटली कोणाची?

नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना लष्कराचे ट्रक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांच्या नंबरप्लेटवर 'एमएच १५' नसतं. त्याऐवजी वर तोंड केलेला एक बाण असतो, दोन आकडे खरेदीच्या वर्षाचे, आणि मग बाकीचा नंबर. हा बाण आपल्या लष्कराकडे इंग्रजांच्या काळापासून चालत आला आहे. इंग्रजीत त्याला 'ब्रॉड ॲरो' म्हणतात आणि त्याचा अर्थ अगदी सरळ आहे: ही सरकारी मालमत्ता आहे, हात लावू नका!

हाच बाण कधी कधी भलत्याच ठिकाणी भेटतो. जुन्या बाजारात स्टोव्हचे बर्नर, नळाच्या तोट्या, फुटक्या समया यांच्या ढिगातून एखादी बोटभर लांबीची पितळी बाटली निघते. टोपण फिरवून उघडलं की टोपणालाच आतून एक चपटा चमचा जोडलेला. विकणारे मामा ठामपणे सांगतात, "सुरमादाणी हाय, जुनी. घेऊन टाका." दिसतेही तशीच. पण अंगावर कुठे तो बाण किंवा कारखान्याची अक्षरं दिसली, की समजायचं, ही ली-एन्फिल्ड रायफलची तेलबाटली. म्हणजे आपली 'थ्री नॉट थ्री'!

आता पुढचा प्रश्न. ही बाटली आली कुठून? "बाण आहे म्हणजे ब्रिटिश" असं उत्तर दहापैकी नऊ जण देतील. ते उत्तर फार तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कसं शोधायचं, त्यासाठी हा लेख. आणि त्यासाठी लागणारं बहुतेक ज्ञान आपण पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्येच शिकलेलो असतो, फक्त ते जॉब सबमिट करण्यापलीकडे कधी वापरलेलं नसतं.

नाशिकमध्येच का?

देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकातली. इंग्लंडला परतणारे गोरे सैनिक बोटीची वाट बघत इथल्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये महिनोन्‌महिने पडून राहत. कंटाळून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच गेला. (आपल्या गावाचं नाव इंग्रजी डिक्शनरीत गेलं ते असं! असो.) १९४१ मध्ये काकुलहून तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी, देवळालीला आलं आणि फाळणीनंतरही इथेच राहिलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर देशभर लष्कराचा जादा माल विकायला निघाला. जुनी माणसं अजूनही त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणतात. ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या, तंबू, जीपचे भाग आणि त्याबरोबर डबेच्या डबे भरून किरकोळ सामान. बंदुका अर्थातच बाजारात आल्या नाहीत, पण बंदूक पुसायची साधनं आली. त्यांना कोण विचारणार?

आधी वस्तू ओळखू

ली-एन्फिल्डच्या लाकडी दस्त्याला मागच्या बाजूने एक पितळी पट्टी असते आणि त्या पट्टीत एक छोटं झाकण. आतल्या पोकळीत दोन वस्तू राहतात. एक ही तेलबाटली. दुसरी म्हणजे 'पुल-थ्रू', ज्याला एनसीसीची मुलं 'फुलथ्रू' म्हणतात. फुलथ्रू म्हणजे एक मजबूत दोरी. तिच्या एका टोकाला लांबट वजन, दुसऱ्या बाजूला दोरीचेच फासे. वजन मागून नळीत सोडायचं, ते स्वतःच्या भाराने नळीच्या तोंडातून बाहेर येतं, मग दोरी ओढायची. पूर्ण पद्धतीच्या फुलथ्रूला तीन फासे असतात. वजनाजवळचा तारेच्या जाळीसाठी, मधला चिंधीसाठी, आणि शेवटचा कशासाठी? तर चिंधी अडकून बसली तर उलट ओढून काढण्यासाठी! वापरणारा कधी ना कधी जास्त जाडीची चिंधी घालणार हे डिझाइन करणाऱ्याने आधीच धरून ठेवलं होतं. आपल्या डिझाइनच्या पेपरात असा विचार कोणी केला तर सरांनी पैकीच्या पैकी द्यावेत.

चिंधीचं मापही ठरलेलं: पुसायला चार इंच बाय दोन इंच. ब्रिटिश सैन्यात त्या कापडाचं नावच 'फोर बाय टू' पडलं. एनसीसीची पॉइंट टू-टू रायफल मात्र गजाने साफ करतात, तिची नळी बारीक असते. तेव्हा ज्यांनी कॅम्पला फक्त टू-टू हाताळली आहे त्यांना फुलथ्रू अनोळखी वाटू शकतो.

वजन पितळेचं का? नळी पोलादाची, पितळ तिच्यापेक्षा मऊ. ओरखडा पडलाच तर वजनाला पडावा, नळीला नाही. आणि एवढी उठाठेव का, तर त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. गोळी सुटल्यावर नळीत उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा भाऊच. तो हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद गंजतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी उकळतं पाणी ओतायचं (त्यासाठी खास नरसाळंही मिळायचं), मग कोरडी चिंधी, मग तेल. इगतपुरीच्या पावसात एखादी रायफल दोन दिवस तशीच राहिली तर काय होईल याची कल्पना करा.

एक प्रश्न नाही, तीन प्रश्न

आता मूळ मुद्दा. 'ही वस्तू कुठली' हा एक प्रश्न नाही, तीन प्रश्न आहेत. बनवली कोणी? मालकी कोणाची होती? आणि वापरली कुठे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, आणि बऱ्याचदा असतातच. वस्तूवरच्या खुणाही त्याप्रमाणे वेगवेगळ्या. सगळा घोळ होतो तो एका प्रश्नाची खूण दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे.

बाण ही मालकीची खूण आहे, निर्मितीची नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८७५ मध्ये सरकारी सामानाचा कायदा केला. त्यात बाण तर आहेच, पण बाण उमटवता येत नाही अशा मालासाठीही खुणा दिल्या आहेत: दोरखंडाच्या पिळात वेगळ्या रंगाचा धागा, कॅनव्हासमध्ये नागमोडी निळी रेघ. चोरीचा माल पकडता यावा हा हेतू. दोन बाण टोकाला टोक भिडवून उमटवलेले दिसले तर अर्थ उलटा होतो: सरकारने ही वस्तू रीतसर विकून टाकली आहे. डिस्पोजलच्या मालावर ही जोडी दिसली तर आनंद माना, तुमची वस्तू चोरीची नाही!

साम्राज्यातल्या देशांनी बाण घेतला, पण त्यात आपापली अक्षरं घातली. इंग्रजी 'सी'च्या पोटात बाण म्हणजे कॅनडा. 'यू'च्या पोटात बाण म्हणजे दक्षिण आफ्रिका. दोन 'डी'च्या मधे बाण म्हणजे ऑस्ट्रेलिया, 'एन' आणि 'झेड'च्या मधे म्हणजे न्यूझीलंड. बाणाखाली 'आय' असेल तर आपण, हिंदुस्थान सरकार. नुसता बाण पाहून 'इंग्लंड' म्हणणाऱ्यांनी भिंग घेऊन पुन्हा एकदा बघावं. झिजलेल्या पितळेवर तो 'आय' सहज पुसला जातो.

अक्षरांची भाषा

बनवणाऱ्याची खूण शोधायला लागलं की खरी मजा येते. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचा छाप 'आर.एफ.आय.' हा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रायफली बनवतोय. स्वातंत्र्याआधीच्या इशापूरच्या रायफलवर मुकुट आणि त्याखाली 'जी.आर.आय.' अशी अक्षरं असतात. शेवटचा 'आय' म्हणजे 'इंपरेटर', सम्राट. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलवर नुसतं 'जी.आर.' प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे छापावर मुकुट की सिंह, एवढ्यावरूनही काळ ठरायला मदत होते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये गंमत झाली. कारखान्याचं नाव वस्तूवर छापलं तर जर्मन विमानांना पत्ता दिल्यासारखंच. म्हणून नावांऐवजी सांकेतिक आकडे आले. 'एम' म्हणजे मिडलंड्स, 'एन' म्हणजे उत्तर, 'एस' म्हणजे दक्षिण, आणि पुढे नंबर. 'एम ४७' म्हणजे बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी. 'एस ५१' म्हणजे हॉलंड अँड हॉलंड. आणि 'एन ६७'? सिंगर! होय, आपल्या आजीच्या शिलाई मशिनवाली सिंगर. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या त्यांच्या कारखान्यात युद्धकाळात संगिनी बनत होत्या. आपल्याकडेही तेच झालं. 'एन.डब्ल्यू.आर.' छापाच्या संगिनी नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या आहेत. युद्ध सुरू झालं की लेथ कोणाचा आहे हे कोणी विचारत नाही. त्यामुळे अनोळखी अक्षरं दिसली म्हणजे वस्तू नकली असा निष्कर्ष घाईने काढू नये.

अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने ब्रिटिशांसाठी बनवलेल्या नंबर फोर रायफलींवर 'यू.एस. प्रॉपर्टी' लिहिलेलं असतं. कारखाना अमेरिकेतला, डिझाइन ब्रिटिश, कागदोपत्री मालकी अमेरिकेची आणि वापरणारा भलताच. तीन प्रश्न वेगळे का ठेवायचे, याला याहून चांगलं उदाहरण नाही.

युद्धानंतरच्या सामानावर तेरा आकडी नंबर दिसतो, तो नाटोच्या पद्धतीचा. पहिले चार आकडे वस्तूच्या वर्गाचे: १००५ म्हणजे ३० मि.मी.पर्यंतच्या बंदुका आणि त्यांचं सामान. पुढचे दोन देशाचे: ९९ ब्रिटन, ६६ ऑस्ट्रेलिया, २१ कॅनडा, १२ जर्मनी, ०० आणि ०१ अमेरिका, ७२ भारत. पण इथेही तोच खड्डा आहे. हा आकडा नंबर देणाऱ्या देशाचा असतो, बनवणाऱ्या देशाचा असेलच असं नाही.

रशियन सामानाची ओळख सगळ्यात सोपी. त्यांच्या तेलाच्या डब्याला दोन कप्पे आणि दोन तोंडं असतात. एकावर रशियन 'श्च', म्हणजे तीन उभ्या दांड्या आणि कोपऱ्यात शेपूट. आत क्षारयुक्त द्रावण. दुसऱ्यावर रशियन 'न', जो आपल्याला इंग्रजी 'एच'सारखा दिसतो, आत तेल. मीठ पाण्याने काढायचं आणि मग तेल लावायचं, ही मघाची केमिस्ट्री त्यांनी एकाच डब्यात बसवली. जर्मनांनी दोरीऐवजी बारीक कड्यांची साखळी वापरली, ती पत्र्याच्या चपट्या डबीत असते.

छाप पुसला गेला असेल तर?

तर धातूला विचारायचं. पहिली तपासणी लोहचुंबकाची. चिकटला तर पितळी दिसणारी वस्तू वरून मुलामा दिलेलं लोखंड आहे. दुसरी आर्किमिडीजची: हवेतलं वजन, पाण्यात बुडवून वजन, आणि घनता. पितळ साधारण ८.४ ते ८.७, पोलाद ७.८५, जस्ताचा ओतीव मिश्रधातू ६.६ च्या आसपास, ॲल्युमिनियम २.७. फिजिक्स लॅबमध्ये दहा मिनिटांचं काम. महायुद्धात पितळ काडतुसांना हवं होतं, म्हणून तेलबाटल्या पोलादाच्या आणि नंतर प्लॅस्टिकच्याही झाल्या. नायलॉनचा शोध १९३५ चा. तेव्हा नायलॉनची दोरी असलेला फुलथ्रू 'पहिल्या महायुद्धातला' म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जावं. दोरी मागाहून बदललेली असू शकते, पण मग किंमतही फक्त वजनाचीच द्यावी.

टोपणाचे आटे हा आणखी एक साक्षीदार. थ्रेड गेज लावून कोन बघा. ५५ अंश म्हणजे व्हिटवर्थ, ४७.५ अंश म्हणजे ब्रिटिश असोसिएशन, ६० अंश म्हणजे मेट्रिक किंवा युनिफाइड. पण इंचाचे आटे दिसले म्हणून लगेच 'इंग्रजांच्या काळातली' म्हणू नका. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, आणि जुन्या डाय-टॅप कोणी एका रात्रीत फेकून देत नाही. शिवाय इशापूरने १९६० च्या दशकात ७.६२ मि.मी.ची '२ए' रायफल काढली ती ली-एन्फिल्डच्याच बांध्याची. थ्री नॉट थ्रीच्या नळीचा व्यास ७.७ मि.मी., हिचा ७.६२. दोघींना एकच फुलथ्रू चालतो.

नकलांचं काय?

जुनं लष्करी सामान जमवणारे लोक जगभर आहेत, त्यामुळे नकलाही आहेत. पितळेची नक्कल करणं नाशिकसारख्या तांबट-कासारांच्या गावाला काय अवघड? पण इथे आपला फाउंड्रीचा तास कामाला येतो. मूळ वस्तूवरून साचा घेऊन ओतकाम केलं, की थंड होताना पितळ आकसतं. म्हणूनच पॅटर्न बनवताना आपण आकुंचनाची सूट धरतो: पितळेला फुटाला तीन-सोळांश इंच, म्हणजे दीड टक्क्याच्या थोडं वर. नक्कल करणारा मूळ बाटलीलाच पॅटर्न म्हणून वापरतो, सूट धरणार कुठून? ७५ मि.मी.च्या बाटलीची नक्कल साधारण १.२ मि.मी.ने आखूड येते. आपल्या व्हर्निअरचा लिस्ट काउंट ०.०२. खात्रीची एक बाटली शेजारी ठेवून मोजलं की चोर पकडला! त्याशिवाय साच्याच्या दोन भागांची जोडरेषा आणि ओतकामातली बारीक छिद्रंही बघावीत.

छापाची कडाही बोलते. पंच ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि अक्षराभोवती बारीक उंचवटा येतो. ओतलेल्या अक्षराच्या कडा साबणावरच्या अक्षरासारख्या गुळगुळीत असतात. आणि छाप आधी की काळवंडणं आधी? जुन्या छापाच्या खोबणीत बाकीच्या अंगासारखाच काळेपणा असतो. अंग काळं आणि अक्षरं आतून चकचकीत असतील तर अक्षरं कालपरवाची. म्हणूनच एक विनंती: अशी वस्तू मिळाली तर पितांबरी लावून घासू नका! एका घासण्यात हा पुरावा जातो. कोमट पाणी, मऊ ब्रश, बस.

राहिला तिसरा प्रश्न, वापराचा. त्याला छाप सहसा उत्तर देत नाही, झीज देते. फुलथ्रू ओढताना दोरी तिरकी घासली की नळीच्या तोंडाला एका बाजूने चर पडतो. इंग्रज शस्त्रागारवाले या झिजेला 'कॉर्डवेअर' म्हणत, आणि त्यामुळे नेम बिघडायचा. दोरी सरळ ओढा, हे प्रत्येक उस्ताद ओरडून सांगतो ते यासाठी. हाताने ठोकलेले वाकडेतिकडे आकडे असतील तर ते बहुधा तुकडीने किंवा शस्त्रागाराने मागाहून टाकलेले. कारखान्याचा छाप सहसा सरळ आणि एकसारख्या खोलीचा येतो. पोलीस दलांनी थ्री नॉट थ्री फार उशिरापर्यंत वापरली. २००८ मध्ये मुंबईच्या सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातात तीच होती, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी. म्हणजे चाळीसच्या दशकात बनलेली तेलबाटली साठ-सत्तर वर्षं कामावर राहिलेली असू शकते.

हे मात्र गंमत नाही

देवळालीच्या आसपास तोफखान्याचा सराव चालतो. भंगारातली प्रत्येक पितळी वस्तू तेलबाटली नसते. शंकूसारखी, जड, खाली जाड आटे आणि अंगावर आकडे कोरलेलं फिरणारं कडं अशी वस्तू असेल तर तो तोफगोळ्याचा फ्यूज असू शकतो. कडं फिरवून बघण्याचा मोह टाळा. चुंबक, व्हर्निअर, आर्किमिडीज, काहीही नाही. आहे तिथे राहू द्या, माणसांना लांब करा आणि ११२ ला फोन करा. फायरिंग रेंजच्या हद्दीत भंगार वेचायला जाणाऱ्या लोकांचे जीव असेच गेले आहेत. किलोमागे मिळणाऱ्या पितळेच्या पैशासाठी.

कायद्याचंही लक्षात ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसती बंदूकच नाही, तिचे भागही 'शस्त्र' या व्याख्येत येतात. पुसायची दोरी आणि बाटली वेगळी. बोल्ट, नळी वेगळी. 'शोपीस आहे हो' म्हणून कोणी बोल्ट दाखवला तर घरी आणू नका. जिवंत काडतूस तर मुळीच नाही.

आणि घाई करायला मात्र हरकत नाही. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये हटवला. दरवेळी माल विखुरतो आणि मोठा हिस्सा भट्टीत जातो. आयुध निर्माणी मंडळही १ ऑक्टोबर २०२१ ला संपलं. इशापूर आता एका सरकारी कंपनीत आहे, खडकीचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या. छाप बदलत जाणार.

समजा, तुमच्या हातात उद्या अशी एक बाटली आली. अंग पितळेचं, बुडाशी बाण आणि त्याखाली अर्धवट झिजलेली उभी रेघ. टोपण पोलादाचं, चुंबकाला चिकटणारं, त्यावर 'एम' आणि दोन आकडे. टोपणाच्या आत वॉशर असायला हवा चामड्याचा, पण आहे सायकलच्या ट्यूबचा, कात्रीने कापलेला. वहीत नोंद अशी करा: अंग हिंदुस्थान सरकारच्या मालकीचं, टोपण मिडलंड्समधल्या कारखान्याचं, युद्धकाळातलं, मागाहून बसवलेलं, वॉशर कोण्या हवालदाराने किंवा आर्मररने स्वतः कापलेला, कारण तेल गळत होतं आणि रायफल कामावर होती.